काकींचं दावं

आमच्या तळ्यात आता चैत्रातही पाणी असतं. पाहुणे आले की नवरा त्यांना मुद्दाम बांधावर नेऊन तळं दाखवतो. मी चहाचं निमित्त करून घरात राहते. तळ्याच्या वरच्या उताराकडं बघितलं की काकी आठवतात. आणि काकी राहतात भिंतीपलीकडंच, त्यामुळं घरात थांबूनही सुटका अशी नाहीच.

काकी म्हणजे माझ्या चुलतसासू. एकट्या, तोंडानं फटकळ, शेळ्यांवर मात्र पोटच्या पोरांसारखी माया. त्यांचं शेत तळ्याच्या वरच्या अंगाला, खडकाळ. नाचणीशिवाय काही येत नाही. आमचं खालच्या अंगाला, पाझरावर. वाटणी आजेसासऱ्यांनी केलेली, त्यात माझा काही दोष नाही, असं मी स्वतःला बरेचदा सांगते.

वेल्ह्याकडच्या आमच्या या पट्ट्यात पाऊस नको नको म्हणेपर्यंत पडतो, आणि शिमगा झाला की हंडे घेऊन वणवण. वरचा उतार बोडका, सगळी माती तळ्यात येऊन गाळ साचलेला. म्हणून गावानं ठरवलं: उतारावर चर खणायचे, वणवा लावायचा नाही, एकही जनावर वर सोडायचं नाही. गवत कापून आणायचं आणि गोठ्यात घालायचं. समितीत बाया हव्यात म्हणून मला घेतलं होतं. मला काय, बोलायला सांगायचीच खोटी!

देवळात सगळ्या घरांनी बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची होती. ज्याचं जनावर वर सापडेल त्यानं ते विकून टाकायचं, असा नियम. काकी येईनात. समजवायला मलाच पाठवलं.

"तुमची म्हस कापल्यालं खाईल," त्या म्हणाल्या. "शेरडं हिंडून खात्यात गं. चार पानं हितली, चार तितली. बांधली की वाळत्यात."

मला ते पटलं होतं. तरी मी म्हणाले, "काकी, करू काहीतरी सोय. तुमच्या एका घरापायी अख्खं गाव अडून बसलंय."

हे शेवटचं त्यांना लागलं. उठल्या, पदर डोक्यावर घेतला, देवळात आल्या आणि भंडारा उचलला. पुढं चर खणतानाही घमेली उचलायला त्या माझ्याआधी हजर असायच्या.

सोय काही झाली नाही. बैठकीत मी विषय काढला, नाही असं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा आला. शेळ्या बांधल्या जागी वाळत गेल्या. दिवाळीनंतर त्या न्यायला कापूरहोळहून व्यापाऱ्याचा टेम्पो आला, तेव्हा काकी दाराबाहेरसुद्धा आल्या नाहीत. नवरा म्हणाला, "सुक्याबरोबर ओलं जळायचंच." मी त्याच्यावर खेकसले.

पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या रानात पहिल्यांदा कांदा निघाला. पाणी काही वर चढत नाही. काकींच्या खडकाला त्यातला थेंब मिळाला नाही. मी पाटीभर कांदे नेऊन दिले. "ठिव तितं," म्हणाल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चांगल्या कामाची कुणाला लाज वाटते का? मला वाटते. ज्याचं नुकसान झालं त्यानं शपथ पाळली, आणि फायदा बसल्या जागी मला झाला.

मग भाद्रपदात आमची कालवड दावं तोडून पळाली. दुपारभर शोधली. तिन्हीसांजेला काकीच तिला घेऊन दारात आल्या. कालवडीचं तोंड हिरवंगार झालेलं, पोट तट्ट फुगलेलं.

"उतारावर व्हती," त्या म्हणाल्या. "पार वर, करवंदीत."

"कुणी बघितलं?" माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं. मग लाज वाटून म्हणाले, "उद्या बैठकीत मीच सांगते."

"नगं सांगू. इकाया लावतील. रिकामा खुटा बगवत न्हाई, पोरी."

कालवडीच्या गळ्यात काकींच्या शेळीचं दावं होतं. त्यांनीच हातानं वळलेलं, मानेपाशी वापरून मऊ पडलेलं. मी ते सोडायला लागले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मला आता काय बांधायचंय?"

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. कालवड विकते म्हणाले. खरं सांगायचं तर आतून जरा हलकं वाटत होतं. आता फिटेल, असं वाटलं.

"अवो वैनी, मुकं जनावर ते," समितीतलाच एक जण म्हणाला. "त्याला काय शपत कळती व्हय? चुकून सुटलं. ऱ्हाऊ द्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा आला. काकी मागं खांबाला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनीही मान डोलावली.

कालवड अजून गोठ्यात आहे. रोज संध्याकाळी मी तिला त्याच दाव्यानं बांधते.