फाटक उघडं आहे

मी देवासला शाळेत इंग्रजी शिकवते. गाइडात ‘अ‍ॅप्रिहेन्सिव्ह’चा अर्थ ‘डरा हुआ’ एवढाच छापलाय, तो वाचला की माझं डोकं फिरतं. कुत्रा अंगावर आला की माणूस घाबरतो. कुत्रा कुठेच दिसत नाही, पण त्याच्या घराचं फाटक उघडं आहे, तेव्हा माणूस अ‍ॅप्रिहेन्सिव्ह असतो. दरवर्षी वर्गाला हे हिंदीत समजावते आणि स्वतःवरच खूश होते.

माझ्या सासूबाई बाहेर गेलेलं माणूस घरी आल्याशिवाय भाताचा कुकर लावत नसत. भात आधी झाला तर येणाऱ्याला उशीर होतो, म्हणायच्या. ‘तुम्ही फार भित्र्या आहात,’ असं मी त्यांना हसत म्हटलं होतं.

परवा इंदूरहून येणारी मुलीची बस रखडली. तिचा फोन लागेना. मी तीनदा गच्चीवर जाऊन आले, तपासायच्या वह्या उघडल्या, मिटल्या.

“अगं, येईल ती. तू कुकर चढव ना, भूक लागलीय,” नवरा म्हणाला.

“चढवते,” म्हटलं. तांदूळ केव्हाचे धुऊन ठेवले होते. मी ते पुन्हा धुवायला घेतले.