ट्रान्झिस्टरमधले शेवटचे सेल

आमच्या ठाकुर्लीच्या चाळीत संपलेले सेल पाणी तापवायच्या बंबात टाकत. एकदा शेजारी एक सेल फुटून राख अंगणभर उडाली, तेव्हापासून ह्यांनी आमच्याकडे सेलसाठी दूध पावडरचा डबा ठेवला. ट्रान्झिस्टरचे सेल उतरले की हे आधी ते दोन दिवस गॅलरीत उन्हात ठेवत. मी हसले की म्हणत, "अगं, तू पापड वाळवतेस तेव्हा मी हसतो का?" उन्हाने आणखी चार गाणी मिळायची. मग सेल डब्यात. डबा भरला की हे तो ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या कारखान्यात नेत. तिथे अशा कचऱ्याचं वेगळं पिंप होतं.

हे तापाने गेले, तेव्हा ट्रान्झिस्टरमध्ये त्यांच्याच हातचे सेल होते. मी तो लावलाच नाही. लावला तर सेल संपतील, मग बदलावे लागतील. वर्षभर फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला.

एक दिवस धाकटी बोटं पुढे करून आली. "आई, बाबांच्या रेडिओतून मीठ येतंय."

तिने चाटलं नव्हतं हे नशीब. तिचे हात तीनदा साबणाने धुतले. झाकण उघडलं तर सेल पाझरून आतल्या स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या. जपता जपता मीच तो घालवला.

सेल आता घरात नकोत, पण बंबातही टाकवेनात. मी कधी एकटी ठाण्याला गेले नव्हते. परक्याशी बोलायची सवय नव्हती. तरी ते डब्यातल्या जुन्या सेलांबरोबर घालून कारखान्याच्या गेटवर गेले.

वॉचमनने डबा ओळखला. "वहिनी, कुणाबरोबर पाठवायचा ना."

"हे स्वतः आणायचे," एवढंच मी बोलले.

त्याने मला पिंपापाशी नेलं. बाकीचे ओतले, ट्रान्झिस्टरमधले ते दोन मात्र हातात राहिले. मग तेही टाकले.

"आता हात धुवा. आमची माणसं इथेच धुतात," त्याने नळ दाखवला.

पाळी सुटल्यावर हे रोज त्याच नळावर हात धूत असणार. मी जरा जास्तच वेळ धुतले.

रिकामा डबा परत आणला. संपलेले सेल माझ्याकडे द्या, असं चाळीत सगळ्यांना सांगितलं आहे. भरला की पुन्हा जाता येतं. पण डबा लवकर भरत नाही.