रिकाम्या होल्डरचं माप

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणारे गल्लोगल्ली सापडतील, पण गिऱ्हाइकाला दारात थोपवून "हात लावू नका, अजून पुसायचंय" म्हणणारा गुंडो एकटाच. फुकटचा रुबाब, असं शेजारच्या शेडमधला नागराज म्हणायचा. फुकटचा कशाला? हातात कसब असलेल्यानं मान खाली का घालावी? बड्या संशोधन संस्थांच्या यंत्रांचे सुटे भाग अशाच पत्र्याच्या शेडमधून जातात. नाव मात्र कुणी घेत नाही.

त्याची लेक दिव्यश्री अशाच एका संस्थेत पीएचडी करत होती. सिरियम धातूच्या संयुगाचा स्फटिक ती द्रव हेलियमनं अतोनात गार करायची. एकदा जेवताना तिनं सांगितलं, "सिरियमचा एकेक अणू म्हणजे बारकं चुंबक, अण्णा. खूप गारठलं की आसपासचे इलेक्ट्रॉन त्याला घेरून गप्प करतात. पण त्या नादात स्वतःच शेकडो पट जड झाल्यासारखे वागतात."

"बिचारे," म्हणत गुंडोनं आमटी वाढून घेतली.

चुंबकत्व मोजताना स्फटिक धरायला तांब्याचा होल्डर लागतो. परदेशातून यायला महिने जातात. गुंडोनं शुद्ध तांब्याची कांडी आणली, स्वतः घडवला, चकाकवला आणि धुतलेल्या रुमालात बांधून लेकीच्या हातात दिला.

पहिल्याच मापात चुंबकत्व दिसलं! गप्प व्हायचे ते अणू एका दिशेनं उभे राहिलेले. काहीतरी नवंच! तिचे गाईड भगवंतराव खूश झाले, प्रबंध त्यावरच उभा राहिला आणि गुंडोनं गल्लीभर म्हैसूरपाक वाटला.

मग दुसऱ्या यंत्रावर, त्या होल्डरविना, उष्णतेचं माप झालं. अणू खरंच तसे उभे राहिले असते, तर त्या तापमानाला आलेखात उंचवटा यायलाच हवा होता. नव्हता.

भगवंतरावांनी एवढंच विचारलं, "रिकामा होल्डर मोजला होतास?"

नव्हता. बाकीचा प्रत्येक होल्डर ती आधी रिकामा मोजायची. हाच तेवढा सोडला होता.

आता मोजला. स्फटिक नसतानाही चुंबकत्व तिथंच होतं.

दुपारी ती शेडमध्ये आली. "अण्णा, लोखंड होतं त्यात."

"माझ्या तांब्यात?" गुंडोचा पारा चढला. "आधी तुमची यंत्रं तपासा म्हणावं!"

"तांबं शुद्धच होतं. हत्याराचे कण रुतलेत. डोळ्यांना दिसायचे नाहीत."

त्यानं लेथकडं पाहिलं. ज्या हत्यारानं रोज पोलाद कापायचं, त्यानंच तांबंही कापलं होतं.

"प्रबंध?"

"बहुतेक सगळा नव्यानं. चूक माझीच. मी मोजायला हवं होतं."

"मग का नाही मोजलंस?"

तिनं होल्डर बांधलेला तोच रुमाल बाकावर ठेवला. गुंडोला उत्तर कळलं: होल्डर बापाच्या हातचा होता, म्हणून.

"अण्णा, नवा करून द्या ना," ती म्हणाली. "नवं हत्यार घेऊ, ॲसिडनं धुऊ. यावेळी मी आधी मोजीन."

"मोजशील. आणि मी घरी बसून वाट बघीन, लोखंड निघतंय का म्हणून. नको, पोरी. बाहेरूनच मागव."

"महिने जातील."

"जाऊ देत."

तिनं पिशवी खांद्याला लावली. "सरी, अण्णा," असा कानडीत होकार देऊन ती निघाली. एरवी तो तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला जायचा. आज उभ्या जागी हात पुसत राहिला.