भाऊजींच्या दहा मुलाखती

माझे धाकटे दीर मनोहरभाऊजी सौंसरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि पीएच.डी.साठी डॉक्टरकीची पुस्तकं वाचायचे. वेदना फक्त मेंदूत असते, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. गाइडने बजावलं होतं, "या महिन्यात दहा जखमींच्या मुलाखती आणा, नाहीतर विषय रद्द."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे दोन गावांची एकमेकांवर दगडफेक करायची जत्रा. नदीच्या दोन्ही काठांवरून दगड सुरू होते आणि भाऊजी वही घेऊन दवाखान्यात बसलेले. मी डबा नेला तर तिथे एकही जखमी नाही.

"भाऊजी, इथं कोण येते? सारे चंडीमायच्या देवळात अंगारा लावून राहिले."

ते देवळात धावले. आमच्या गल्लीतल्या शालिकरामच्या कपाळाला मोठं टेंगूळ आलेलं.

"किती दुखते रे?"

"कुठं दुखते सर? मायचा अंगारा हाये!"

सगळ्यांनी हेच सांगितलं आणि परत नदीकडे पळाले. भाऊजी रडवेले झाले.

मी देवीला हात जोडले आणि भाऊजींना म्हटलं, "उद्या सकाळी यांच्या घरी जा."

सकाळी शालिकरामची बायको हळद लावत होती आणि त्याचं बोंबलणं गल्लीभर ऐकू येत होतं. दुपारपर्यंत भाऊजींच्या दहा मुलाखती झाल्या. अट सगळ्यांची एकच, नाव लिहायचं नाही.