पितळेतले भावोजी

देव चराचरात असतो म्हणतात. माझ्या मावसबहिणीचे यजमान निदान पितळेत तरी सर्वत्र होते. कानडी मुलखात, बसवनगुडीत त्यांचं समया-घागरींचं दुकान. नव्वदचं दशक संपत आलं होतं, इंटरनेट नुकतं कुठे कानावर पडत होतं, आणि भावोजींनी दुकानाची साइट काढलीसुद्धा! फोटो स्वतः काढायचे; गच्चीवर, कोवळ्या उन्हात, अंगात नुसतं बनियन. फ्लॅशचं नाव काढलं की म्हणत, "पितळेच्या डोळ्यांवर बॅटरी मारू नये." उजेड परतवायला मी पांढरी चादर धरून उभी. लख्ख घासलेल्या प्रत्येक घागरीच्या पोटात आम्ही दोघं उमटायचो: पुढे बनियनमधले भावोजी, मागे मी, सूचना चालू असल्याने तोंड उघडं.

पुढे यशवंतपूरच्या एका व्यापाऱ्याने हे सगळे फोटो उचलून आपल्या साइटवर लावले आणि त्यांच्या जोरावर पत्र्यासारखा पातळ माल विकू लागला. एक बाई गळकी घागर घेऊन थेट आमच्याच दुकानात आल्या. "फोटो तर तुमचाच होता की!" भर गिऱ्हाइकांत. भावोजींचं जेवणावरचं लक्षच उडालं. दुकानाचं नाव वडिलांपासूनचं होतं. मी तेव्हा पुण्याहून त्यांच्याकडे राहायला ताजी आलेली आणि कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, म्हणजे सर्वज्ञ! "माझ्यावर सोडा," म्हणून मी आपल्या प्रत्येक फोटोवर दुकानाचं नाव लाल अक्षरांत असं ठसठशीत आडवं टाकलं, की समईची फक्त वात दिसावी. लवकरच म्हैसूरहून विचारणा आली: लाल पाटी केवढ्याला?

शेवटी भावोजी मला घेऊन यशवंतपूरला गेले. व्यापारी गोडबोल्या. "घागर सगळ्यांची सारखीच असते, सार. हा फोटो तुमचा कशावरून?" भावोजींनी त्याला पडद्यावरची घागर मोठी करायला लावली, शांतपणे शर्ट काढला आणि नुसत्या बनियनवर, सोबत आणलेला कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हं, पुणेकर, उघडा तोंड." मी चिडून बोलायला गेले आणि पुरावा पूर्ण झाला.

"सरी, सरी! पटलं, पटलं! आधी शर्ट घाला, सार, गिऱ्हाईक येतंय!" आमचे फोटो त्याच्या साइटवरून तिथल्या तिथे उतरवले गेले. मग तो पडेल आवाजात म्हणाला, "आमची घागर फोटोत काळी येते हो. काय करू?"

भावोजी बटणं लावता लावताच विरघळले. त्यानंतर रविवारी चादर घेऊन यशवंतपूरला जायचे. उजेड डावीकडून, जरा खालून कसा घ्यायचा ते त्याला दाखवायचे. मी वैतागून म्हटलं, "भावोजी, चोराला शिकवताय?"

"स्वतःचं जमलं की दुसऱ्याचं कशाला उचलेल? आणि जवळ असलो की पत्रा जाड घे म्हणून कान धरता येतो."

भावोजींना जाऊन बरीच वर्षं झाली, दुकानही मिटलं. परवा नात मोबाइलवर समया दाखवत होती. यशवंतपूरचंच दुकान, आता त्या व्यापाऱ्याची मुलं चालवतात. उजेड डावीकडून, जरा खालून.

"ही घे," मी म्हटलं.

"अगं आजी, घरात आहेत की इतक्या!"

"असू देत."