खाल्लेलं जातं कुठे

त्या मुलीची आई वॉर्डात आल्याआल्या दिसेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटली. आधी आयाबाईंना, मग सिस्टरला, मग शिकाऊ डॉक्टरला आणि शेवटी मला. "खाती हो ती. लई खाती. कुणालाबी विचारा." खरं तर तिला अजून कोणी काही विचारलंच नव्हतं.

पूर्व उपनगरातल्या एका सरकारी रुग्णालयात, लहान मुलांच्या विभागात मी आहारतज्ज्ञ आहे. खूप खंगलेली मुलं आमच्याकडे वेगळ्या खोलीत ठेवतात. त्यांना औषधासारखं मोजून जेवण द्यायचं, वजनावर लक्ष ठेवायचं आणि घरी जाताना आईला काय शिजवायचं ते समजावून सांगायचं, हे माझं काम. करोनाची दुसरी लाट ओसरल्यानंतर तशा मुलांची रीघ लागली होती. ही त्यातलीच एक, गोवंडीहून आलेली. दीड वर्षाची असेल, पण लांबून बघणाऱ्याला ती आठ-नऊ महिन्यांचं बाळ वाटावी. केस तांबूस आणि विरळ झाले होते. चेहरा मात्र बाळाचा नव्हता. गालांवरचं मांस गेलं की लहान मुलं म्हाताऱ्या माणसासारखी दिसायला लागतात. हे मी आधीही पाहिलं होतं.

ती रडायची नाही. वाटी आली की डोळे वाटीवर. चमचा वर गेला की डोळे वर, खाली आला की खाली. शेवटचा घास संपल्यावरही तिची नजर रिकाम्या वाटीवरून हलायची नाही. आयाबाई वाटी घेऊन दाराबाहेर गेल्या की ती दाराकडे बघत बसायची.

आमच्याकडे तिचं वजन वाढलं. सावकाश, पण वाढलं. औषधं झाली, जंतांचं झालं, ताप उतरला आणि ती घरी गेली. महिन्याभराने आई तिला परत घेऊन आली तेव्हा वाढलेलं सगळं गेलं होतं. जुलाब फारसे नव्हते, उलट्या नव्हत्या. पुन्हा भरती, पुन्हा वजन वाढलं, पुन्हा घरी, पुन्हा तेच. आता वॉर्डात कुजबुज सुरू झाली. इथे वाढतं आणि घरी उतरतं, म्हणजे घरी खायला मिळत नसणार, असं कोणीही म्हणेल. त्यातच मुलीच्या आईची सासू भेटायला आली आणि सगळ्यांसमोर बोलून गेली, की पोरीला दिलेला खाऊ ही स्वतःच खाते आणि म्हणून पोर सुकलंय. सून खाली मान घालून पोरीचे पाय चोळत राहिली. ती स्वतःसुद्धा काडीसारखी होती. तिने कोणाचं काय खाल्लं असेल ते दिसतच होतं.

घरी जाऊन बघून ये, असं मला आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं.

कचऱ्याच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की त्यांची गल्ली लागते. एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच रुंद. मधोमध उघडं गटार आणि त्या गटारातूनच पाण्याचे पाइप गेलेले, कुठे सुतळीने, कुठे सायकलच्या ट्यूबने बांधलेले. पाणी यायच्या आधी पाइप कोरडे असतात, तेव्हा गटारातलं काय काय आत ओढलं जात असेल, ते सांगायला नको. खोली मात्र लख्ख होती. भांडी घासून पालथी घातलेली. नवरा भंगारातलं प्लास्टिक निवडायच्या कामाला जायचा. सासू उंबऱ्यात बसून वायरी सोलत होती. मुलगी दाराशी बसली होती. जमिनीला हात लावायची आणि तोच हात तोंडात घालायची, त्या वयाची सगळी मुलं करतात तसं.

आईने माझ्यासमोर तिला भरवलं. मऊ खिचडी, वर तेल, कुस्करलेलं अंडं. मी सांगितलं होतं अगदी तसंच. मुलीने वाटी संपवली आणि नजर तिथेच ठेवली.

"बघितलं ना ताई?" आई म्हणाली. "आता तुम्हीच सांगा, हे जातं कुठं?"

हाच प्रश्न मी परत येऊन मोठ्या डॉक्टरबाईंना विचारला. त्यांनी जे सांगितलं त्यातलं थोडं मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्या मुलीच्या पोटाशी मी ते कधी जोडून पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आतड्याच्या आतली बाजू नव्या टर्किश टॉवेलसारखी असते, बारीक बारीक लव असलेली. ही लव अन्न टिपून घेते. घाणीतले जंतू रोज थोडे थोडे पोटात जात राहिले की आतड्याला कायमची सूज राहते. मोठा आजार दिसत नाही, पण लव झिजते, टॉवेल गुळगुळीत होतो. मग वरून कितीही ओता, टिपलं जात नाही. शिवाय आत सतत चाललेली ती लढाई अंगातलं बळ खाते, ते वेगळंच. इथे आलं की पाणी स्वच्छ मिळतं, औषध मिळतं, आतडं जरा सावरतं. घरी गेलं की पुन्हा तेच पाणी.

"यावर औषध?" मी विचारलं.

"नेमकं असं अजून नाही," त्या म्हणाल्या. "गल्ली बदलून द्यायचं औषध माझ्याकडे नाही."

त्या दिवशी मुलुंडला घरी आले तेव्हा माझी आई वालाच्या डाळिंब्या सोलत बसली होती. मी समोर बसले आणि सोलू लागले. मला एक बहीण होती, माझ्या आधीची. ती दोन वर्षांची व्हायच्या आत गेली. तेव्हा बाबा गिरणीत होते आणि आमचं बिऱ्हाड घाटकोपरला डोंगरउतारावरच्या झोपडीत होतं, खाली नाला. घरात तिचा फोटो नाही. तिच्याबद्दल कोणी बोलायचं नाही. मला कळलं तेही एका गणपतीत, आत्या आणि आईचं काहीतरी बिनसलं तेव्हा. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, "हिने पोर उपाशी मारलं, आणि ही आम्हाला शिकवणार." बाबा आरतीचं तबक पुसत होते, ते पुसतच राहिले. आई मोदक वळत होती. तिचा हात थांबला नाही, पण त्यानंतरचा एकही मोदक धड वळला गेला नाही, एवढं मला आठवतं. माझं ताट तिने आयुष्यभर पहाऱ्यासारखं सांभाळलं. मी उठेपर्यंत ती समोर बसून असायची. कॉलेजात गेले तरी बसायची. घास मी खायचे, पण ती बघायची दुसऱ्याच कोणाला तरी. तसं मला त्या वयातही वाटायचं आणि ताट लवकर संपवावंसं वाटायचं.

त्या दुपारी मी तिला गोवंडीच्या मुलीची गोष्ट सांगितली. वाटीवरची नजर सांगितली, गटारातले पाइप सांगितले, टॉवेलसुद्धा सांगितला. माझ्या त्या ताईचं नाव मी काढलं नाही, मला ते माहीतच नव्हतं. तिला काय झालं होतं हे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. तेव्हा तिला कोणी तपासलं नव्हतं. तेही मी सांगितलं.

डाळिंबी सोलून आई चुकून सालांच्या ढिगात टाकत होती.

"तेव्हा ह्या कोणाक ठावक नव्हता?" तिने आपल्या मालवणीत विचारलं.

"नाही गं. आत्ता आत्ता कळायला लागलंय. अजूनही सगळं कळलेलं नाही."

"डॉक्टराकपण नाय?"

"नाही."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "भात, पेज, नाचणी. माश्याचो काटो मी काढून द्यायचंय. सगळा खायचा ता माझा चेडू. पोटाक लागायचा नाय." एवढं बोलून ती ताट घेऊन उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आत नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून तयार होती. मला गोवंडीला ने, म्हणाली. मी समजावलं, की गल्ली अरुंद आहे, तुझे गुडघे असे, शिवाय त्या घराशी आपलं नातं काय. तिने चप्पल घातली. ऐंशीच्या घरातल्या बाईला किती अडवणार? रविवार होता. रिक्षा केली.

गल्लीत ती भिंतीला हात लावत चालली. मी पुढे, ती मागे. मध्येच थांबली आणि गटाराकडे बघत राहिली. मला वाटलं, दमली. ती म्हणाली, "वास तोच आसा." मग पुन्हा चालू लागली.

सासू उंबऱ्यातच होती. मी ओळख करून दिली, ही माझी आई, तुमच्या नातीला बघायला आलीय. ती चकित झाली, पण वायरी बाजूला सारून तिने गोणपाट झटकून अंथरलं. आई कशीबशी टेकली. सून आतून मुलीला घेऊन आली. आईने मुलीला मांडीवर घेतलं नाही. मला वाटलं होतं, घेईल. तिने फक्त तिच्या केसांवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

मग ती सासूकडे वळली आणि मालवणी सोडून सरळ मराठीत बोलली, समोरच्या बाईला नीट कळावं म्हणून असेल. "माझी मुलगी अशीच गेली. खाऊन खाऊन गेली. माझ्या नणंदेने मला जन्मभर सांगितलं की तूच उपाशी मारलीस. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. तुमच्या सुनेला तुम्ही हे सांगू नका. ती भरवते. माझ्या लेकीने डोळ्यांनी बघितलंय."

गल्लीत कोणाचा तरी मिक्सर चालू होता. सून दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिने पदर तोंडाशी नेला. सासू खाली बघत होती. मग ती म्हणाली, "माझी बी गेली. गावाकडं."

ती एवढंच म्हणाली. किती, कधी, कशी, हे ना तिने सांगितलं ना आईने विचारलं. दोघी म्हाताऱ्या गोणपाटावर शेजारी शेजारी बसून राहिल्या. सुनेने चहा केला. एरवी आई बाहेरचं पाणीसुद्धा तोंडाला लावत नाही. तिने तो चहा पूर्ण प्यायला.

परतताना रिक्षात तिने माझ्या बहिणीचं नाव घेतलं. बाहेर बघत, कोणाला हाक मारावी तसं नव्हे, नुसतं उच्चारलं. आपण हा शब्द अजून बोलू शकतो का ते बघत असल्यासारखं. उभ्या जन्मात मी ते पहिल्यांदा ऐकलं. ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. रात्री आईला ताप भरला आणि पुढचे काही दिवस ती अंथरुणाला खिळून होती. भाऊ मला रागावला, कशाला नेलंस म्हणून.

सासू काही एका दिवसात मऊ झाली नाही. पण पुढच्या खेपेला ती वॉर्डात आली तेव्हा उकळून गाळलेल्या पाण्याची बाटली तिने स्वतःच्या पिशवीतून काढली आणि सुनेच्या हातात दिली. त्या वर्षी त्यांनी खोली बदलली. त्याच वस्तीत, पण माळ्यावरची, गटारापासून वर. मुलगी आजारी पडतच राहिली, मात्र दोन आजारांमधलं अंतर वाढत गेलं. पावसाळ्यात एकदा ती हातची जाते की काय असं झालं होतं. तिला सलाइन लावताना तिची आई वॉर्डाच्या दारात उभी राहिली आणि एका शब्दानेही म्हणाली नाही, की ती खाते. तिला आता ते कोणाला सांगावं लागत नव्हतं.

मुलगी जगली. पण त्या पहिल्या दोन वर्षांत जी उंची जाते ती गेलीच, ती मागून भरून येत नाही. माझी आई गेल्या वर्षी गेली. शेवटच्या दिवसांत ती मला कधी माझ्या नावाने हाक मारायची, कधी बहिणीच्या. मी दोन्ही नावांना ओ देत होते.

यंदा जूनमध्ये त्या मुलीच्या आईचा फोन आला. मुलीला पहिलीत घालायला ती शाळेत गेली होती. बाईंनी मुलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, ही फार लहान आहे, पुढच्या वर्षी आणा. तिने जन्माचा दाखला पुढे केला. बाईंनी तो वाचला, पुन्हा मुलीकडे बघितलं आणि घेतलं तिला.

"पहिल्या बाकावर बसवलंय," ती म्हणाली. "पाय जमिनीला लागत न्हाईत ताई. पण बसती. डबा सगळा संपवून येती."