वडीगोद्रीच्या पुढचा नाताळ

वडीगोद्रीला एसटीतून उतरले. गाडी सुटल्यावर लक्षात आलं, की केकचा डबा वरच्या फळीवरच राहिला. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरापासून तो सांभाळत आणला होता. हमरस्त्यावरचा रसवाला म्हणाला, "ताई, आता तो बीडलाच निंगाला!"

काळी-पिवळीत (गावोगाव फिरणारी जीप) दाटीवाटीनं बसले. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, कापूस फुटलेली रानं. सहा वर्षांत डिसेंबरात मी इकडे फिरकले नव्हते.

मी तिकडे परिचारिका आहे. आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे परदेशातला नाताळ किती दणक्यात होत असेल असं घरी सगळ्यांना वाटायचं. रोषणाई खरंच डोळे दिपवणारी असते. पण पंचवीस तारखेला रस्ते ओस पडतात आणि जो तो दार लावून आपल्या माणसांत बसतो. त्या दिवशीची ड्यूटी मी मागून घ्यायची. रिकाम्या खोलीपेक्षा वॉर्ड बरा.

उन्हाळ्यात वडील गेले. गावातली दुसरी दोन ख्रिस्ती घरं केव्हाच जालन्याला गेलेली. आई एकटी. तिला घेऊन जायचं, असं ठरवूनच मी आले होते.

घरात पाऊल टाकलं तर तळणाचा वास नाही. एरवी या दिवसांत आई करंज्या, चकल्यांचे डबे भरून गावभर वाटायची. ती म्हणाली, "यंदा दुखवटा हाय. कढई चढवायची न्हाई." केकचं सांगितल्यावर मात्र हसली. "जाऊ दे, बीडवाल्याचा नाताळ झाला."

जेवताना मी विषय काढला.

"म्या न्हाई यायची."

"इथं आपलं आहे कोण, आई?"

तिनं टोपलं पुढे ओढलं. ताटात आणखी एक भाकरी वाढली. मला रडू आलं, रागही आला.

नाताळच्या दिवशी आम्ही दोघींनीच प्रार्थना केली. वडिलांची बाजाची पेटी कपड्याखाली झाकलेली होती. दिवेलागणीला दारात आवाज आला, "वैनी, हायेत का घरात?"

शेजारचे किसनकाका होते. मागे मारुतीच्या देवळातलं भजनी मंडळ, टाळ-मृदंगासह. पलीकडच्या बुद्धविहाराजवळ राहणाऱ्या गायकवाडबाईंनी आईच्या हातात डबा दिला. "करंज्या हायेत. तुमच्यासारख्या न्हाई जमल्या." त्यांच्या मागून चकल्या आल्या, शेव आली. दिवाळी सरून महिना उलटला होता. हे सगळं आमच्यासाठी मुद्दाम तळलं होतं.

किसनकाका सतरंजीवर बसले. "काढ पेटी, पोरी."

"काका, तुम्हाला आमची गाणी येतात?"

"येत्यात म्हंजे? तुझा बाप दर एकादशीला आमच्या भजनात पेटी वाजवायचा. मंग त्याच्या देवाच्या जन्माला टाळ कोन धरनार?"

पेटीवर माझी बोटं चुकत होती, सूर घसरत होता. काका डोळे मिटून गात होते. येशूच्या जन्माचं गाणं, चाल थेट भजनाची. वडील असेच गायचे, शेवटची ओळ लांबवत. आई पदर तोंडाशी धरून बसली होती. मग तीही गाऊ लागली.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, "हितं कुनी इचारून येत न्हाई, तशीच येत्यात, बाई. तिकडं माझ्या दारात कोन येईल?"

मी पेटी बंद केली. सहा वर्षांत माझ्याही दारात कोणी आलं नव्हतं. पण मी तरी कोणाच्या दारात गेले होते?

पंधरा दिवसांनी निघाले, एकटीच. आईनं उरलेल्या करंज्या पिशवीत कोंबल्या. जीप सुटेपर्यंत आम्ही दोघी इकडचं तिकडचं बोलत राहिलो, रडलो नाही.

कॉर्कला पाऊस होता. झाडांवरचे दिवे उतरवले होते. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. जिन्यात भेटल्यावर मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. सामान ठेवलं, बशीत चार करंज्या घेतल्या आणि वर जाऊन दार वाजवलं.

त्यांनी साखळी न काढताच फटीतून पाहिलं. "काय आहे?"

"नाताळचं आहे. आमच्या घरून आणलंय."

"अहो, नाताळ तर संपला."

"आमच्या गावाहून यायला उशीर झाला," मी म्हणाले.

त्यांनी बशीकडे पाहिलं. मग साखळी काढल्याचा आवाज आला.